कॅसेटी संगणकावर घेण्याआधी: पूर्वतयारीच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

संस्थेच्या कपाटातल्या जुन्या कॅसेटी संगणकावर घ्यायच्या, असं आज तोंडी ठरलं. मुलाखती, व्याख्यानं, काही चर्चा. संख्या सांगितली गेली "तीनशेच्या आसपास" आणि मुदत "चारेक महिने". हे आकडे कुठून आले असं विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तांत्रिक बाजू माझ्या गळ्यात आहे, म्हणून मी पाच आठवडे मागून घेतले. तोवर एकही कॅसेट अधिकृतपणे उतरवायची नाही. काम होण्याजोगं आहे का, किती आहे आणि कोणी करायचं, एवढंच बघायचं.

अध्यक्षांना हे फारसं रुचलं नाही. "तेवढ्या वेळात शंभर कॅसेटी झाल्या असत्या," म्हणाले. झाल्या असत्याही. त्याच शंभर पुन्हा कराव्या लागल्या असत्या, अशी मला दाट शंका आहे.

सिडनीच्या ऑपेरा हाऊसचं काम १९५९ मध्ये सुरू झालं तेव्हा छप्पर नेमकं कसं पेलायचं हेच ठरलेलं नव्हतं. खालचे खांब पुढे त्या छपराला पुरेनात आणि ते पाडून पुन्हा उभारावे लागले. १९६३ ला संपायचं ते काम १९७३ ला संपलं. बैठकीत हे बोलायला हवं होतं. सुचलं जिना उतरताना, नेहमीप्रमाणे.

८ जानेवारी

मोजणी. ग्रंथपाल मॅडम, टंकलेखनाला मदत करणारी एक स्वयंसेविका आणि मी. चार तास लागले.

एकूण ४३७ कॅसेटी. त्यात साठ मिनिटांच्या २६१, नव्वद मिनिटांच्या १४८, एकशेवीस मिनिटांच्या ११ आणि कवचावर काहीच न लिहिलेल्या १७. या सतरा नव्वदच्या धरल्या. बेरीज साडेपाचशे नाही, पण ५३० तास तरी होतेच.

म्हणजे "तीनशेच्या आसपास" हा आकडा नुसता चुकीचा नव्हता, तो कपाटाच्या पुढच्या रांगेचा होता. मागे दुसरी रांग आहे हे मॅडमनाही ठाऊक नव्हतं, कारण ती त्या रुजू व्हायच्या आधी लावलेली.

नोंदवहीत ३५२ कॅसेटींची नावं आहेत. उरलेल्या ८५ कोणाच्या, कशाच्या, काही पत्ता नाही. त्यांतल्या एकीच्या पाठीवर पेन्सिलीनं "महत्त्वाचे" एवढंच लिहिलंय.

१० जानेवारी

आज साठवणुकीचा हिशोब मांडला, कारण तो सोपा आहे आणि सोप्यापासून सुरुवात केली की काम चालल्यासारखं वाटतं.

ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आयएएसएची, जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांत किमान ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) आणि २४ बिट (प्रत्येक नमुन्याची बारकाई) सांगितलंय. आम्ही ९६ किलोहर्ट्झ धरलं. दोन चॅनेल, २४ बिट, म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट. तासाला साधारण २.०७ जीबी. ५३० तासांचे १.१ टीबी, तीन प्रतींचे ३.३. ऐकायला देण्याची एमपी३ प्रत १२८ केबीपीएसची केली तर सगळा संग्रह ३१ जीबीत मावतो.

नुसत्या बोलण्याला ९६ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की टेप पुन्हा वाजेल याची खात्री नाही, डिस्क मात्र वाढवता येते. दोन चॅनेलचंही तसंच. हेड म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग; जुन्या मोनो रेकॉर्डरची पट्टी स्टीरिओ हेडच्या दोन्ही पट्ट्यांवर पसरलेली असते, त्यामुळे दोन्ही घेऊन ठेवले की जिकडे खरखर कमी तो चॅनेल नंतर निवडता येतो.

एका बाजूची एक फाइल. साध्या डब्ल्यूएव्ही फाइलला ४ जीबीची मर्यादा असते आणि या दर्जाला ती साधारण दोन तासांत गाठली जाते. एकशेवीसवाल्या कॅसेटची एक बाजूही एका तासाची, म्हणजे अडचण नाही.

डिस्कचा प्रश्न इथे संपला. सगळ्यांना वाटत होतं हाच मुख्य खर्च.

१३ जानेवारी

न करण्याच्या अटी आज लिहून काढल्या. मोजमाप सुरू करायच्या आधी लिहायच्या होत्या, कारण आकडे हातात आले की माणूस त्यांच्या मापाच्या अटी शिवतो. मीही शिवतो.

एक: एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला सगळं धरून तीन तासांपेक्षा जास्त काम लागत असेल तर या मनुष्यबळात हे सुरू करायचं नाही. दोन: चाचणीतल्या पाव कॅसेटी वाजण्याजोग्या नसतील तर नाही. तीन: काम संपल्यावर या फाइली कोण सांभाळणार ते पद आणि जबाबदारीसह कागदावर नसेल तर नाही.

तिसरी अट मॅडमनी घालायला लावली. मी तांत्रिक माणूस, मला पहिल्या दोनच सुचल्या होत्या. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. अध्यक्ष सही करताना हसले, पण केली.

१५ जानेवारी

डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं यंत्र. संस्थेकडे दोन आहेत. एकाचा रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. दुरुस्तीवाल्या काकांनी तो कापसानं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढला, त्यात अख्खी दुपार गेली. हात धुताना म्हणाले, "हे असलं काम कोणी हिशोबात धरत नाही बघा." धरलं. अर्धा दिवस, प्रत्येक डेकला.

दुसरा डेक चांगला वाजतो असं सगळे सांगत होते. वाजतोही. काकांकडच्या चाचणी टेपवर ३१५० हर्ट्झचा स्वर आहे, तो या डेकवर ३१९७ दाखवत होता. दीड टक्का जलद. कानाला कळत नाही, पण तासाचं भाषण ५९ मिनिटं ७ सेकंदांत संपतं आणि प्रत्येक माणूस स्वतःपेक्षा किंचित पातळ आवाजात बोलतो. मोटारीतला बारीक स्क्रू फिरवून काकांनी ३१५३ वर आणला. त्याच्या पुढे जाऊ नका म्हणाले, हा उद्या पुन्हा हलेल. म्हणून रोज सकाळी स्वर तपासायचा, पाच मिनिटं. तेही हिशोबात.

सहा तारखेला मुद्रण सुरू केलं असतं तर पहिल्या सगळ्या फाइली दीड टक्का जलद निघाल्या असत्या. हे अध्यक्षांना सांगायचा मोह आवरला. मग सांगितलं.

१७ जानेवारी

चाचणीसाठी वीस कॅसेटी निवडायच्या. मॅडमनी सकाळीच वीस काढून ठेवल्या होत्या: स्वच्छ डब्या, छापील लेबलं, नामवंत वक्ते. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात आधी ढवळलेला हवा. ४३७ चिठ्ठ्या केल्या, पिशवीत घालून हलवल्या आणि स्वयंसेविकेनं डोळे मिटून वीस उचलल्या. साठच्या तेरा, नव्वदच्या सहा, एकशेवीसची एक. एकूण चोवीस तास.

मॅडम थोड्या नाराज झाल्या. त्यांना त्यांच्या आवडत्या व्याख्यात्याचा आवाज या निमित्तानं ऐकायचा होता, हे नंतर कळलं.

२१ जानेवारी

चाचणीचा दुसरा दिवस. पहिल्या पाचांतल्या दोन कॅसेटींतली प्रेशर पॅड गळून पडलेली. ही पॅड म्हणजे पितळी पट्टीवर चिकटवलेली नखाएवढी गादी, टेपला हेडवर दाबून धरते. डिंक वाळला की ती सुटते आणि आवाज येतो-जातो, जणू वक्ता खोलीत फेऱ्या मारतोय. स्क्रूचं कवच असेल तर उघडून दोन्ही रिळं नव्या कवचात ठेवायची, पंचवीस मिनिटं. चिकटवलेलं असेल तर आधी शिवणीवर पातळ पातं घालून फोडायचं, मग चाळीस. रिळं उचलताना श्वास रोखून धरावा लागतो. टेप एकदा उलगडली की तिला पुन्हा गुंडाळणं म्हणजे पतंगाच्या मांज्याचा गुंता.

आणि हेडचा कोन. टेप ज्या यंत्रावर मुद्रित झाली त्याचं हेड किंचित तिरपं असेल तर आपल्या सरळ हेडवर आवाज कोंदट येतो. प्रत्येक कॅसेटला स्क्रू फिरवून कोन जुळवायचा. यंत्रापेक्षा कानावर जास्त विसंबावं लागतं. सुरुवातीला टेपवरच्या बाई "सगळे" म्हणतायत की "शगळे" ते कळत नव्हतं. पाव फेरा फिरवल्यावर स आणि श वेगळे झाले, मागे पंखा फिरतोय हेही ऐकू आलं. सहा मिनिटं लागली. आजच्या दिवसातली ही सहा चांगली गेली.

२३ जानेवारी

माझी चूक, म्हणून सविस्तर.

एकशेवीसची टेप फार पातळ असते, साठच्या निम्मीच जाड. ती लावण्याआधी पेन्सिल घालून दोन्ही रिळं ताणून घ्यायची, मग पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळायची, हे मीच तपासणीच्या यादीत लिहिलंय. आज जेवणाच्या सुट्टीआधी एवढी लावून जाऊ म्हणून तसंच बटण दाबलं. सात मिनिटांनी डेकमधून कुरकुर आली. झाकण उघडलं तर टेप रबरी चाकाभोवती अकॉर्डियनसारखी चुरगळलेली.

काका आले, काही बोलले नाहीत. चिमट्यानं उलट्या दिशेनं एकेक घडी सोडवली. एका ठिकाणी तुटली होती, ती जोडपट्टीनं सांधली. सुमारे दीड सेकंदाचं बोलणं कायमचं गेलं. वक्ता काहीतरी मोजून सांगत होता, "पहिलं म्हणजे" नंतर थेट "तिसरं". दुसरं काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही.

यादीत बदल: एकशेवीसच्या अकराही कॅसेटी शेवटी, काका हजर असतील तेव्हाच. माझ्या एकट्याच्या हातात नाहीत.

२८ जानेवारी

एक कॅसेट कोरी निघाली, निदान तसं वाटलं. कोरी आहे हे ठरवायलासुद्धा ती पूर्ण वाजवावी लागते. दुसऱ्या बाजूच्या अकराव्या मिनिटाला कोणीतरी खोकलं आणि म्हणालं, "चालू आहे का हे?" पुढे पुन्हा शांतता. वर्णनाच्या रकान्यात काय लिहायचं असं स्वयंसेविकेनं विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नसणं ही एवढ्या एका कॅसेटची गोष्ट नाही. ती प्रत्येक मुलाखतीला विचारते: विषय एका ओळीत लिहू की पानभर? उल्लेख झालेल्या सगळ्या माणसांची नावं टिपू? तारीख सांगितली नसेल तर अंदाजे घालू? आम्ही डिस्क, डेक, दर्जा यांवर तीन आठवडे घालवले आणि या रकान्यांवर अर्धा तास. तिचा वेळ माझ्यापेक्षा जास्त जातोय.

३० जानेवारी

आज ऐकलेली मुलाखत. कोणाची ते इथे लिहीत नाही. पहिल्या बाजूच्या शेवटाकडे त्या गृहस्थांचा आवाज खाली येतो. म्हणतात, "हे जरा बंद करा, मग सांगतो." मुलाखत घेणारा म्हणतो, "केलं." बटण दाबल्याचा खटका येतो. मशीन बंद झालेलं नाही. पुढची चार मिनिटं ते एका जिवंत असू शकणाऱ्या माणसाबद्दल बोलतात.

मी हेडफोन काढून ठेवला. स्वयंसेविकेला ती बाजू दिली नाही.

संमतीचा मुद्दा आमच्या कागदात होता, "कायदेशीर बाबी" या मथळ्याखाली, एक ओळ. ती ओळ लिहिताना माझ्या डोळ्यासमोर हक्क, वारसदार, परवानगीपत्र असलं काहीतरी होतं. असा खटका नव्हता.

३१ जानेवारी

चाचणी संपली. आकडे.

चोवीस तासांच्या ध्वनिमुद्रणाला ५८ तास काम. तासाला २.४. तीनच्या आत, पहिली अट पार. शेवटी सगळ्या वीस वाजल्या, दुसरीही पार. पॅड गळलेल्या तीन, लेबल एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा अशा दोन, डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) चालू ठेवून मुद्रण केलं होतं की नाही हे न कळणाऱ्या चार. डॉल्बीचा अंदाज चुकला की आवाज एकतर दबतो नाहीतर कर्कश होतो.

५३० तासांना २.४ नं गुणलं तर १२७२ तास. दिवसाला सहा तास खरं काम धरलं (आठ धरणाऱ्यांनी आधी एक आठवडा हेडफोन लावून बसावं) तर २१२ दिवस. महिन्याला २१ कामाचे दिवस, म्हणजे दहा महिने. "चारेक महिने" हे केवळ वाजवण्याच्या वेळेचं उत्तर होतं: ५३० भागिले सहा, ८८ दिवस. बाकी सगळं फुकट होतं असं धरून.

३ फेब्रुवारी

अध्यक्षांनी आकडे बारकाईनं पाहिले, हे मान्य करायला हवं. त्यांनी दाखवून दिलं, की पहिल्या दहा कॅसेटींच्या बारा तासांना ३५ तास लागले आणि पुढच्या दहांच्या बारा तासांना २३. तासाला २.९ वरून १.९ वर. "हात बसला तुमचा. पुढचं सगळं १.९ नं धरा."

मोहक आहे. १६८ दिवस होतात. पण पॅड गळलेल्या तिन्ही कॅसेटी पहिल्या दहात आल्या, आणि पेन्सिल न लावता चुरगळवलेलीही. हात बसला हे खरं. किती बसला आणि किती नशीब, हे वीस कॅसेटींवरून वेगळं काढता येत नाही. वीसांत तीन म्हणजे १५ टक्के असं आपण पटकन म्हणतो, पण एवढ्या लहान नमुन्यावरून ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर ३ ते ३८ टक्के एवढंच म्हणता येतं. ४३७ मध्ये ते १४ही असू शकतात, १६५ही.

२.४ च ठेवला. कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये नियोजनातल्या या भ्रमाला, कामाचा वेळ कमीच धरण्याला, नाव दिलं. स्वतः कानेमानच्या गटानं एक पाठ्यक्रम साधारण दोन वर्षांत लिहून होईल असा अंदाज बांधला होता. त्यांच्यातल्याच जाणकाराला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, की अशा गटांना सात वर्षांच्या आत जमल्याचं त्याला आठवत नाही. तरी ते पुढे गेले. आठ वर्षं लागली. अध्यक्ष हे ऐकून म्हणाले, "पण झाला ना शेवटी?" झाला. तोवर ज्यांना हवा होता त्यांचा उत्साह ओसरला होता.

६ फेब्रुवारी

गॅरी क्लाइन नावाच्या मानसशास्त्रज्ञाची प्री-मॉर्टेमची युक्ती वापरली. सगळ्यांनी असं समजायचं, की वर्ष उलटलंय आणि काम पार फसलंय. का फसलं ते प्रत्येकानं न बोलता चिठ्ठीवर लिहायचं. "काय धोके आहेत?" असं विचारलं की लोक शहाण्यासारखं बोलतात. "फसलंय, का?" विचारलं की खरं बोलतात.

काका: बेल्ट संपले, नवे मिळाले नाहीत.
स्वयंसेविका: काय लिहायचं तेच शेवटपर्यंत ठरलं नाही.
अध्यक्ष: कोणी ऐकायलाच आलं नाही.
मी: तिन्ही डिस्क एकाच कपाटात होत्या.
मॅडम: मी निवृत्त झाले.

शेवटची चिठ्ठी वाचल्यावर खोलीत कोणी बोललं नाही. त्यांना चौदा महिने उरलेत. नोंदवहीतली अर्धी माहिती वहीत नाही, त्यांच्या डोक्यात आहे. कोणाचा आवाज कोणाचा, कोणाच्या घरी विचारायचं, कोणाला विचारायचंच नाही. कॅसेटी आणखी काही वर्षं टिकतील. ही माहिती चौदा महिने.

७ फेब्रुवारी

रात्रभर तेच. आम्ही क्रम उलटा लावला होता: आधी आवाज उतरवायचा, मग निवांत वर्णनं लिहायची. वर्णनांची बाजू पुढे आणायला हवी. मॅडमना दिवसाला दोन तास बसवायचं, एकेक कॅसेट हातात घेऊन त्या जे सांगतील ते मोबाइलवर मुद्रित करायचं. कॅसेट वाजवायचीही गरज नाही. ४३७ गुणिले दहा मिनिटं, ७३ तास, ३७ दिवस. आमच्या कुठल्याच आराखड्यात हे नव्हतं आणि याला डेकही लागत नाही.

१० फेब्रुवारी

निर्णयाची बैठक. पाच आठवडे आज संपले.

मी तीन अटींचा कागद पुढे ठेवला. दोन पार, तिसरी नाही. फाइली कोण सांभाळणार? दर वर्षी कोणीतरी एसएचए-२५६ च्या बेरजा (फाइल बदललेली नाही हे दाखवणारे आकडे) पडताळायच्या, दर काही वर्षांनी डिस्क बदलायच्या, एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवायची. अध्यक्ष म्हणाले, "ते बघू की पुढे." मॅडमनी त्यांची सही दाखवली. या वेळी ते हसले नाहीत, पण कागद बाजूलाही सारला नाही.

दोन तासांनी ठरलं ते असं. ४३७ चा प्रकल्प सुरू करायचा नाही. मॅडमच्या फायलीत ज्यांची लेखी संमती आहे अशा ११२ कॅसेटी आहेत, तेवढ्याच. साठच्या ७०, नव्वदच्या ४२, एकूण १३३ तास. २.४ नं ३१९ तास, म्हणजे ५३ दिवस. तेही फाइली सांभाळण्याचं काम ग्रंथपालपदाच्या कर्तव्यांच्या यादीत लेखी आल्यावर, म्हणजे मॅडमनंतर येणाऱ्यालाही ते लागू राहील. तारीख पत्र आल्यावर ठरेल. मॅडमच्या आठवणींचं मुद्रण मात्र उद्यापासून, त्याला कोणाच्या पत्राची गरज नाही.

मला ४३७ हव्या होत्या, हेही लिहून ठेवतो.

११ फेब्रुवारी

मॅडमबरोबर पहिले दोन तास. अकरा कॅसेटी झाल्या. दहा मिनिटांचा अंदाज पहिल्याच दिवशी किंचित चुकला, कारण त्या आवडत्या व्याख्यात्याची कॅसेट सातवी होती.

तीस तारखेची ती मुलाखत वेगळ्या डबीत ठेवली. संमतीपत्र नाही, म्हणजे ११२ मध्ये नाही. चाचणीत झालेली तिची फाइल संस्थेच्या डिस्कवरून काढून टाकली आणि तसं वहीत लिहिलं. डबीवर काय लिहायचं याचा बराच वेळ विचार केला. मॅडमनी पेन घेतलं आणि लिहिलं: "पहिली बाजू, शेवटची चार मिनिटे, विचारल्याशिवाय ऐकू नये." खाली तारीख घातली.